गार पाण्यातली जाळी

सोमवार, ४ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस एकदाचा पार पडला! प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई खडूस म्हणून ऐकलं होतं, पण त्यांनी स्वतः चहा करून दिला. काम मजेचं आहे. इथले रेणू झाडासारखे: खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. पाण्यात सोडले की एकमेकांना बिलगून आपोआप जाळी विणतात. गारव्यात जुळतात, ऊब मिळाली की सुटतात. बाई म्हणाल्या, यांना गणगोत फार लागतं.

शुद्ध पाण्याची टाकीही आहे. आमच्या नळाला क्षार फार आणि चिमणीचं, माझ्या सहा वर्षांच्या लेकीचं, पोट नाजूक. बाईंना विचारून रोज एक कॅन घरी न्यायचं ठरवलं. आईने नाक मुरडलं. ती नळाचंच पिणार म्हणे.

शुक्रवार, ८ मार्च
आज फजिती झाली. टाकीची नळी रेणूंच्या भांड्यात बुडती ठेवून मी फोन घ्यायला गेले. तेवढ्यात पंप बंद पडला आणि नळीने अर्धं भांडं उलटं टाकीत ओढून घेतलं. आठवडा भरायच्या आत हा घोळ! कुणाला सांगितलं नाही, भांडं गुपचूप भरून ठेवलं. एवढ्या टाकीत तेवढं म्हणजे दर्यामे खसखस. रेणू इतके विरळ झाले की ते एकमेकांना सापडायचेच नाहीत. घरचा कॅन नेहमीसारखा भरून आणला.

बुधवार, १३ मार्च
चिमणीला कालपासून ताप. डॉक्टर म्हणाले साथ आहे, औषध दिलं. आई कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली आहे. पट्ट्यांना कॅनमधलंच पाणी घे, असं मीच सांगितलं. स्वच्छ म्हणून.

गुरुवार, १४ मार्च
पट्टीखाली कपाळावर पांढरी रेघ. पुसून जात नाही, कातडीच्या आत आहे. रेघेला फाटा, फाट्याला फाटा. ही नक्षी मी रोज भिंगाखाली बघते. रोज पिऊन पिऊन ते रेणू तिच्या अंगात साठले, एकमेकांना सापडले.

औषधाने ताप उतरला की ती पसरते, चढला की विरते. तापच चिमणीला वाचवत होता आणि आम्ही दोघी मिळून तो उतरवत होतो.

शुक्रवार, १५ मार्च
बाईंना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत, हातातला चहाचा कप बाजूला ठेवला. इथला रोजचा चहा टाकीच्याच पाण्याचा. त्यांनी बाही वर केली. मनगटभर रेघा. म्हणाल्या, उतारा शोधते, तोवर पोरीची ऊब सोडू नकोस.

दवाखान्यात नेलं तर आधी ताप उतरवतील. आईला बजावलं: पट्ट्या बंद, औषध बंद, दुलई काढायची नाही. आई म्हणाली, तुझं डोकं फिरलंय, लेकराला उकडून मारशील.

शनिवार, १६ मार्च
बाई फोन उचलत नाहीत.

चिमणीची दोन बोटं जुळली. गरम पाण्याच्या पिशवीने शेकून सोडवली. किती रडली. तिला पोटाशी धरून बसले आहे — माझीही करंगळी आता वाकत नाही.

चूक माझी. देवा, मला ने. हिला नको.

रविवार, १७ मार्च
जीभ हलत नाही. आवाज फुटत नाही. लिहून दाखवते, तर आई म्हणते चष्मा सापडत नाही —

डोळा लागला माझा. कसा लागला —

दुलई नाही. खिडकी उघडी. आई औषधाची बाटली हातात घेऊन हसते आहे. म्हणते, ऊठ गं, बघ, पोर कशी गारगार झाली, ताप उतरला एकदाचा —

चिमणीचा हात माझ्या हातात. पांढरा. सुटत नाही. मला सोडवायचाही नाही —

आई, दुलई — लवकर — दु