जावईबापूंचा गॉगल

प्रिय बाबा,

फोनच करणार होते, पण तुम्ही फोनवर "बरं, बरं" म्हणता आणि आईच्या हातात देऊन मोकळे होता. मग आई विचारते जेवलीस का, थंडी आहे का तिकडे, जणू मी तासाभरावर नाही, सातासमुद्रापार राहते. सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे. चहा घेऊन निवांत बसा, आणि निदान पहिल्यांदा तरी आईला मोठ्याने वाचून दाखवू नका.

तुमचा निरोप पोचला. "कोसुकेसाठी मासेमारीचा गॉगल बनव, पोलराइज्ड, चांगल्यातला चांगला. खर्चाकडे बघू नको." हे शेवटचं मी आईकडून पुन्हा वदवून घेतलं, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. बाबा, तुम्ही म्हणालात हे? रबरी बुटांना सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून मोसमामागून मोसम काढणारे तुम्ही? मी साबाएत चष्म्याच्या कारखान्यात लागले तेव्हापासून दर उन्हाळ्यात विचारते, तुमच्यासाठी एक करू का, आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "आहे तो चालतोय की." आणि जावई आला तसं खर्चाकडे बघू नको! एकुलता एक जावई आहे म्हणा. मी थोरली, मी तुम्हाला जावई दिलाच नाही, तेव्हा सगळे लाड धाकट्या मानामीच्या नवऱ्याच्या वाट्याला जायचे, यात नवल ते काय.

हो, जळतेय मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ओळीओळीत हुडकत बसायला नको.

नव्या वर्षाच्या जेवणाला तुम्ही सगळ्यांसमोर जाहीर केलंत, "डॉक्टर म्हणतात, गुडघे संपले. यंदाचा मोसम शेवटचा. कोसुकेला शेजारी उभा करणार, बंधाऱ्याखालचे सगळे दगड त्याला दाखवणार आणि गळाची काठी त्याच्या हातात देणार." आईने लगेच आपल्या ताटलीतली मोठी कोळंबी उचलून त्याच्या ताटलीत ठेवली. मानामी टाळ्या वाजवायला लागली. मीही "अरे वा, छानच" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली. नदी काही कुणाच्या मालकीची नाही, हे मला कळतं. पण कुठला दगड जूनमध्ये मासा धरतो आणि कुठला पुरानंतर, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे ठेवला तर माणूस गेलाच म्हणून समजा, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ते आता एकाच माणसाला मिळणार. आणि तो माणूस कोण, तर नागोयाचा, ज्याने लग्नाआधी मासा फक्त दुकानात प्लास्टिकखाली झोपलेला पाहिलाय.

तर जावईबापू आले गेल्या शनिवारी, मानामीबरोबर, गॉगलचं माप द्यायला. हातात उइरोचा, त्या नागोयाच्या तांदळाच्या मिठाईचा, डबा. "ताई, काळ्या साखरेचा आणलाय, तुम्हाला तोच आवडतो ना?" आवडतो. कुठून लक्षात ठेवतो कोण जाणे. माणूस इतका सरळ आहे की त्याच्यावर धड चिडताही येत नाही, आणि माझी खरी चिडचिड तीच आहे.

सांगते म्हणजे सगळंच सांगते. पहिल्यांदा मी त्याच्या नाकावर मुद्दाम सगळ्यात काळपट काच चढवली. ती घातली की कुणीही रुबाबदार दिसतं, आणि नवखे लोक नेमकी तीच उचलतात. मानामी म्हणाली, "अय्या, सिनेमातला वाटतोयस!" मी गप्प. अजून थोडा वेळ गप्प राहिले असते तर तो ती घेऊन गेला असता. भर दुपारी उघड्या समुद्रावर ठीक आहे ती, पण आपल्या नदीवर, डोंगराच्या सावलीत, सकाळच्या ढगाळ उजेडात त्याला दगड काय आणि डोह काय, सगळं एकच काळं दिसलं असतं. तुम्ही म्हणणार "तो बघ, तो!" आणि हा म्हणणार "कुठला?" आणि तुम्ही कपाळाला हात लावून उभे. हे चित्र मी चांगलं चवीने बघून घेतलं. मग काच काढून घेतली. माझ्या हातून वाकडं काम बाहेर जात नाही, त्याला मी तरी काय करू? तुमच्याकडूनच आलंय ते.

मग नीट सुरुवात केली. तपकिरी काच घेतली, जरा फिकट. पाण्यातला दगड आणि त्यावरचं शेवाळ वेगवेगळं दाखवायला तिच्यासारखी दुसरी नाही. दोन काचा एकमेकींवर धरून एक हळूहळू फिरवून दाखवली. एका ठिकाणी आरपार दिसायचं बंद होऊन सगळं काळंकुट्ट झालं पाहिजे, नाही झालं तर समजायचं की पोलराइज्ड म्हणून नुसता रंग गळ्यात मारलाय. आतला पातळ पडदा दोन्ही डोळ्यांना एकाच रेषेत बसलेला हवा, एक जरी कलला तरी थोड्या वेळात डोकं ठणकायला लागतं, आणि स्वस्तातल्या गॉगलची गोम हीच असते. काचेला आतल्या बाजूनेही लेप हवा, नाहीतर पाठीमागचं ऊन काचेवर आपटून डोळ्यात येतं. काड्या रुंद हव्यात, बाजूने उजेड शिरता कामा नये. मानेला दोरी हवी, कारण घसरून पडलेला गॉगल नदी परत देत नाही. आणि गाडीत पुढच्या काचेशी उन्हात टाकून द्यायचा नाही. तो सगळं ऐकत होता, शहाण्यासारखा मान डोलवत होता. शेवटी विचारतो कसा, "ताई, पण यातून नक्की बघायचं काय?"

कारखान्यामागे जो ओढा आहे तिथे त्याला घेऊन गेले. उघड्या डोळ्यांनी बघ म्हटलं, तर त्याला पाण्यावर आभाळ दिसलं, विजेच्या तारा दिसल्या. गॉगल चढवला तसा ओरडला, "अरेच्चा, दगड!" म्हटलं, नुसते दगड बघू नको, कुठल्या दगडावर शेवाळ खरवडल्याच्या बारीक खुणा आहेत, कुठला घासून ठेवल्यासारखा चमकतोय, ते बघ. त्या दगडाला मालक असतो. आयु मासा एक दगड धरतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि तिथे दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. म्हणून बाबा गळाला खाणं लावतच नाहीत. ते दोरीला एक जिवंत आयु बांधून त्याच्या दगडावर नेऊन सोडतात. मालक चवताळून पाहुण्याला धडक मारायला येतो, आणि पाहुण्याच्या शेपटीमागे सोडलेल्या गळात स्वतःच अडकतो. कोसुकेने गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "म्हणजे भुकेने नाही, जळफळाटाने मरतो बिचारा." आणि हसला. मानामीही हसली. मला नाही हसू आलं.

बाबा, तुमच्या डाव्या हाताला, गुडघाभर पाण्यात, एक जागा आहे. ती माझी आहे असं मला वाटतं. कुणी तिथे येणार म्हटलं की मला आतून काहीतरी ढोसतं. चाळिशीला आलेली बाई मी, हाताखाली चार माणसं काम करतात, आणि मी एका गरीब स्वभावाच्या मुलाला धडक मारायला बघतेय.

तुम्हाला आठवतं का, माहीत नाही. मी प्राथमिक शाळेत होते. तुमच्या तेव्हाच्या गॉगलची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी तुम्ही इलॅस्टिक बांधलं होतं. तुम्ही तो माझ्या तोंडावर चढवलात. मोठा होता, मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. तोवर नदी म्हणजे मला नुसता लखलखाट वाटायचा, बघवायचं नाही. आणि एकदम तळ दिसला. मी किंचाळले, तुम्ही म्हणालात, "ओरडू नको ग, मासे पळतील," पण हसत होतात. मग दर रविवारी मी. तुम्ही काठी सांभाळायचात आणि मला विचारायचात, "चिझुरु, कुठला चमकतोय?" मी बोट दाखवायचे, तुम्ही मासा तिकडे न्यायचात, आणि बहुतेक वेळा काठी वाकायचीच. तुमच्याबरोबर मासेमारीला येणारे ओकुमुराकाका एकदा म्हणाले होते, "तुझी पोरगी आहे की बगळा?" त्या बोलण्यावर मी आठवडाभर शाळेत मिरवले होते.

पुढच्या शाळेत गेले त्या उन्हाळ्यात एका रविवारी मी नेहमीसारखी तयार होऊन दारात उभी होते. गाडीत ओकुमुराकाका आणि तुमचे कामावरचे दोघे बसलेले. तुम्ही म्हणालात, "तू आता मोठी झालीस." एवढंच. मोठी झालीस म्हणून चल, की मोठी झालीस म्हणून राहा, हे मला गाडी वळेपर्यंत कळलंच नाही. त्या दिवशी तुम्ही आणलेले मासे आईने मीठ लावून भाजले आणि मी एकही खाल्ला नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. त्यानंतर मी कधी तयार होऊन दारात आले नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत की चिझुरु का येत नाही. लोकांना वाटतं साबाए जवळ पडतं म्हणून मी इथे नोकरी धरली. जवळ काय, एचिझेनही जवळच, तिथे कागदाच्या गिरणीतही जागा होती. मला काचाच हव्या होत्या. पाण्याच्या आत बघता येणाऱ्या काचा.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. ओढ्यावरून आम्ही तिघं जेवायला गेलो, मुळ्याचा कीस घातलेल्या गार सोबाच्या शेवया. खाता खाता कोसुके म्हणाला, "खरं सांगू का ताई, मला वाहत्या पाण्याची जरा भीतीच वाटते. पण बाबा म्हणाले, घरात शिकणारं दुसरं कुणीच नाही. मग नाही कसं म्हणणार?" मानामीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन वाटीत तोंड घातलं. त्या पोराला कळलंही नाही तो काय बोलून गेला. मी त्याला म्हटलं, अजून मुळा घे.

घरात दुसरं कुणीच नाही! बाबा, हे तुम्ही रागाने म्हणाला असतात तर मला चाललं असतं. भांडून गेलेली, लग्न न केलेली, हट्टी, काय वाटेल ते म्हणा. पण तुम्ही ते सहज म्हणालात, डब्यात तांदूळ नाहीत म्हणावं तसं. म्हणजे तुम्ही शोधलंत, घरभर नजर फिरवलीत, आणि मी दिसले नाही. मला कोसुकेचा हेवा वाटतो तो गॉगलचा नाही, काठीचा नाही, जागेचाही नाही. तो तुम्हाला न सांगता दिसतो, याचा.

गॉगल तयार आहे. नाकावरच्या गाद्या मी स्वतः बसवल्या, त्याच्या गालाला फ्रेम टेकत होती तीही सरळ केली. उत्तम झालाय, तुमच्या जावयाला शोभेल असा. पण पार्सलने पाठवत नाही. मोसमाच्या पहिल्या दिवशी मीच घेऊन येतेय. त्याच्याबरोबर त्याच काचेचा आणखी एक आहे, माझ्या नाकाच्या मापाचा. नदीचा वर्षाचा परवानाही काढलाय. त्यावरच्या फोटोत मी फार खवळलेली दिसते, मानामी म्हणते हुबेहूब बाबा. कोसुकेला हवा तर शेजारी उभा करा, त्याला काठावर जास्त बरं वाटणार असेल तर काठावर बसू दे, ते त्यालाच एकदा नीट विचारा. पण दगड मला दाखवा, सगळे, पुरानंतरचेसुद्धा. तुम्ही बोलवाल म्हणून मी इतकी वर्षं थांबले. तुम्हीही मी विचारीन म्हणून थांबला असाल, नाहीतर थांबलाही नसाल. आता मीच विचारतेय. बाबा, मला न्या. आणि आईला सांगा, भाताचे गोळे तिघांचे करायला.

तुमचीच, घरातली,
चिझुरु