बचावातली जागा

कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. विघ्नेशला मामाचे अनेक आशीर्वाद. समिधाला आणि छोट्या रेयांशलाही.

कानाचं यंत्र लावून फोन घेतला की नुसती शिटी वाजते, म्हणून कागदावर आलो. आमची लेक दर्शना या पत्राचा फोटो काढून तुला पाठवेल. तूही हातानंच लिहीत जा.

खेळाडूंची नोंदणी काल संपली. आपल्या चाफेबाग तालमीच्या फुटबॉल संघानं बचावात दोन बाहेरचे घेतले, घानाचा क्वामे आणि गोव्याचा ग्लेन. जुन्या क्लबचे करार संपून दोघंही मोकळे होते. क्वामे आपल्या दारातून वाकून आत येतो. माझं म्हणणं एवढंच, की चार बॅक एकमेकांच्या पायांचा आवाज ओळखणारे लागतात. पंधरवड्यापूर्वी आलेला माणूस कुणाचा आवाज ओळखणार? मी एकवीस वर्षं गोलात उभा होतो, मागून मला ते दिसायचं.

अथर्व माझा मुलगा म्हणून हे म्हणत नाही. नऊ वर्षं स्टॉपरला, बचावाच्या मधोमध, तोच खेळलाय. तू तालमीच्या ग्रुपवर त्या दोघांच्या बाजूनं बोललास असं कळलं. शारजात बसून कोल्हापूरचा संघ निवडतोस, शाबास. माया आहे तेवढीच आहे, पण रागावलोय.

तुझा,
सोमनाथमामा


अल नहदा, शारजा
२२ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुबईत सिलिकॉन ओएसिसला ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाचलं आणि घरी येईपर्यंत, म्हणजे सव्वा तास ट्रॅफिकमध्ये, मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो.

मामा, मागच्या सीझनला आपण चौदा गोल खाल्ले, त्यातले सहा हेडरवर. सहाही वेळा अथर्व उडी मारतोय आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जातोय. मी एकेक गोल थांबवून थांबवून पाहिलाय. तो मला धाकट्या भावासारखा आहे, पण उंची कुठून आणायची? क्वामेसारखा माणूस मोकळा मिळतोय म्हटल्यावर घ्यायलाच हवा. अथर्वला लेफ्ट बॅकला खेळवतील, बघा तुम्ही. रेयांशला हे सगळं समजावत होतो, तर इट्स जस्ट अ गेम, बाबा, असं म्हणून तो पुन्हा टॅबमध्ये शिरला.

मामींना नमस्कार. राग दोन सामन्यांपुरताच असू द्या.

आपला,
विघ्नेश


कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

चि. विघ्नेश, सुखी राहा.

तू जिंकलास. पाच सामन्यांत आपण एकच गोल खाल्ला. क्वामेला उडीसुद्धा मारावी लागत नाही. मला तो आवडायला लागलाय, हे लिहिताना घरात कुणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं.

अथर्व पाचही सामने बाकावर. लेफ्ट बॅकला ग्लेन खेळतो. गेल्या रविवारी शेवटच्या वीस मिनिटांत अथर्वला वॉर्मअपला उठवलं, तर आपल्याच प्रेक्षकांतून ओरडा झाला, खाली बस म्हणून. मला ऐकू आलं नाही. शेजारच्यानं मान खाली घातली, तेव्हा कळलं. त्या दिवसापासून तो सरावाला जात नाही.

दर्शना म्हणते, तिकडच्या नोकरीचं तो तुझ्याशी बोलतोय. विघ्नेश, त्याला सांग, सध्या तिकडे काही काम नाही म्हणून. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. एवढं माझ्यासाठी कर, मग हवं तेवढं भांड.

सोमनाथमामा


अल नहदा
२१ जानेवारी २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा अथर्वचा व्हिसा येऊन दोन दिवस झाले होते. पक्कं होईपर्यंत घरी सांगू नकोस अशी त्यानं गळ घातली होती. दुबईत अल कुसैसला एका गोदामात स्टोअरकीपरचं काम आहे. राहायला कंपनीची खोली.

आणखी एक लिहायचंय. नोव्हेंबरमध्ये मी ग्रुपवर लिहिलं होतं, अथर्वचं आता पुरे झालं. मला वाटलं, तो त्या ग्रुपवर नाही. तो होता.  महिन्याभरानं त्यानं मला फक्त नोकरीचं विचारलं. मग मी त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

रागवा, पण पत्र थांबवू नका.

विघ्नेश


कोल्हापूर
६ एप्रिल २०२५

चि. विघ्नेशला आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

ग्लेनचे वडील आजारी पडले, तो गोव्याला गेला तो परत आला नाही. परवा सरावात क्वामेच्या मांडीची शीर दुखावली. पुढच्या रविवारी सेमीफायनल आहे. काल कमिटीची चार माणसं घरी आली, अथर्वला चार दिवसांसाठी बोलावून घ्या म्हणाली. त्याचं नाव अजून नोंदणीत आहे. त्या दिवशी अथर्ववर ओरडणाऱ्यांपैकी एक जण त्यात होता. मी त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही असं दाखवलं, पण त्यांचा शब्दन् शब्द ऐकला होता.

त्याला येता येणार नाही हे मला माहीत आहे. तरी विचार. पुढं मला वाटायला नको, की विचारलंच नाही.

मामा


अल नहदा
१३ एप्रिल २०२५

ती. मामा, नमस्कार.

विचारलं होतं. अथर्वनं स्वतः तीनदा विचारलं, चौथ्यांदा मी जाऊन भेटलो. सुपरवायझर भला माणूस आहे, दर वेळी इन्शाल्ला म्हणाला. पण सहा महिने प्रोबेशन आहे, रजा नाही. खलास.

आज अथर्व दुपारी दोनला शिफ्ट संपवून आमच्याकडे जेवायला आला. मोबाइल टेबलावर उभा करून आम्ही मॅच लावली. क्वामे नाही, ग्लेन नाही, मागे दोन नवी पोरं. ऐंशीव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. अथर्व ताट हातात घेऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, मागच्या खांबापाशी कुणी नाही. बॉल अजून हवेत होता. गोल तिथूनच झाला. त्याच गोलानं आपण हरलो, ते तुम्ही स्टेडियममध्ये पाहिलंच आहे.

मी त्याची माफी मागितली, ग्रुपवर लिहिलेल्याबद्दल. तो म्हणाला, तू खरंच लिहिलं होतंस, हेडरला मी कमी पडायचो. पण उभं कुठं राहायचं, ते मला येत होतं. मग समिधा नको म्हणत असताना त्यानं स्वतःचं ताट धुतलं आणि बस पकडायला गेला.

जाताना सांगून गेला, पप्पांना कळव, मी ड्युटीवर होतो, मॅच पाहिली नाही. तेच लिहायला बसलो होतो, मामा. जमलं नाही.

तुम्ही त्याला लिहा. 

तुमचाच,
विघ्नेश