तीन नंबरचं दार

प्रिय ठिणगी,

मंगळवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. तू धापा टाकत होतीस आणि हसतही होतीस. गादीवाल्याला त्याच्याच दुकानात गाठलंस, सळईने दोनदा हाणलंस, एक खांद्यावर, एक डोक्यात, आणि तो शिलाई मशीनवर उपडा पडला तरी तुझं मन भरलं नाही, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. ज्याने माझ्या नवऱ्याचा हात कामातून घालवला त्याचा हातच मोडायचा होता, पण डोकं मधे आलं, असं म्हणालीस. मग विचारलंस, दादा, बरं केलं ना? मी एवढंच म्हणालो की आधी घरी जा आणि हात धू. घास तोंडात तसाच होता.

तुझा राग मला काही नवा नाही. सात वर्षांची असताना त्या आडदांड पोराने तुझं दप्तर नाल्यात टाकलं, तर तू त्याच्या दंडाला असा चावा घेतलास की त्याची आई रक्ताळलेला सदरा घेऊन आपल्या दारात उभी राहिली. आई म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, या पोरीचं नाकच रागाचं केलेलं आहे. मी मात्र पहिल्यापासून थंड, समजूतदार. नातेवाईकांत माझं केवढं कौतुक. मला आता त्या कौतुकाची शिसारी येते, कारण तुझ्या रागाला निदान तोंड तरी आहे. तो समोरून येतो.

तुला शेडमधलं काहीच कधी कळलं नाही. मीही सांगितलं नाही आणि तुझ्या नवऱ्यानेही नाही, कारण कंपनीने आमच्याकडून सह्या घेतल्या होत्या. घरी, बायकोपाशी, झोपेतसुद्धा गाडीबद्दल बोलायचं नाही. ती नवी स्पोर्ट्स कार. कंपनीत तिला नाव नव्हतं, चार आकडी नंबर होता, आणि तोही मोठ्याने उच्चारायचा नाही. म्हणून आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशी उठली का, मावशीला सर्दी झालीय, मावशी आज दोनशे ऐंशीने पळाली. शेडच्या काचांना आतून काळा रंग होता. आत शिरताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावर सीलबंद चिकटपट्टी लागायची आणि निघताना ती नखाने तपासायचे. एकोणीस माणसं आणि पाच मावश्या.

बाहेर मात्र नुसता धुरळा. कुणी म्हणे ती विजेवर चालणार, कुणी म्हणे तिची दारं पंखासारखी वर उघडणार. केस कापता कापता आमचा न्हावी मला छातीठोकपणे सांगायचा की तिला इंजिनच नाही, आणि त्याच दिवशी सकाळी ते इंजिन माझ्या कानाशी भुंकलेलं असायचं. मी मान डोलवायचो. कंपनी हो म्हणायची नाही की नाही म्हणायची नाही. जितकी ती गप्प, तितक्या अफवा जास्त. गप्प बसणं हाही धंद्याचा भाग असतो हे मला तेव्हा कळत नव्हतं.

माझं काम त्या गाड्यांना सोंग चढवायचं. काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचे स्टिकर, बंपरपासून छपरापर्यंत. त्या नक्षीत नजर गोंधळते आणि गाडीचा खरा आकार कळत नाही. पण त्यात आणखी एक गोम होती. प्रत्येक गाडीच्या नक्षीत एक बारीक मासोळी लपवलेली असायची, आणि ती प्रत्येकीवर वेगळ्या जागी. कुणी चोरून फोटो काढला, तर मासोळी कुठे आहे ते बघून गाडी कुठली ते सांगता यायचं, आणि गाडीवरून माणूस. मासोळ्यांच्या जागा फक्त दोघांना ठाऊक होत्या, मला आणि सिक्युरिटीच्या साहेबाला. त्या साहेबाला आम्ही कुलूप म्हणायचो.

त्या गुरुवारी सकाळी साऱ्या जगाच्या मोबाईलवर मावशीचा फोटो आला. डावं दार सताड उघडं आणि आतलं सगळं उघडं पडलेलं, स्टिअरिंग, काटे, सीटची शिलाई सुद्धा. साडेनऊला कुलूप आला, त्याने शेडला बाहेरून कडी घातली आणि आम्हाला भिंतीशी उभं केलं. चोर सापडला नाही तर उद्यापासून शेड बंद आणि एकोणीसच्या एकोणीस घरी, वर पुन्हा कुठल्या कारखान्यात उभे राहणार नाही अशी सोय करू, असं त्याने शांतपणे सांगितलं. दुपारी दोनपर्यंत पाणी नाही, संडासला जायचं नाही. रंगकाम करणाऱ्याच्या बायकोला दिवस गेले होते, तो भिंतीला डोकं आपटत होता. माणसं कशी पिळली की त्यांच्यातून काय निघतं, हे कुलपाला नेमकं माहीत होतं.

दोन वाजता त्याने मला टेबलाशी बोलावलं आणि फोटो मोठा करून पुढे केला. दाराच्या मुठीखाली मासोळी होती. मी म्हणालो, तीन नंबर. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. कशी पटकन ओळखली बघा, असं. आणि मग सगळ्यांच्या माना तुझ्या नवऱ्याकडे वळल्या, कारण तीन नंबर तो चालवायचा.

तो म्हणाला, मी नाही काढला. दोनदा म्हणाला. कुलपाने घड्याळात पाहिलं, आपल्या माणसांना बाहेर काढलं आणि जाता जाता म्हणाला की मी चहा पिऊन येतो, अर्धा तास लागेल, तोवर घरचं भांडण घरात मिटवा. त्याने बोट लावलं नाही, ठिणगी. त्याच्या एकाही माणसाने लावलं नाही. जे केलं ते आम्ही केलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मेहुण्याला नोकरीला मीच चिकटवलं होतं. दोघांनी मिळून फोटो विकला असेल, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. म्हणून पहिला ठोसा मी मारला. तोंडावर. त्याचा दात माझ्या बोटाच्या पेरात रुतला. पुढे आठवडाभर ते बोट सुजलं होतं आणि स्टिकर कापायचं पातं लागलं असं सांगून मी तुझ्याकडूनच मलम लावून घेतलं. तू फुंकर घालत होतीस. मी तेव्हा ओरडलो नाही, ते दुखत नव्हतं म्हणून नाही.

मी मारल्यावर बाकीच्यांना मोकळं रान मिळालं. पट्टा निघाला, रबरी हातोडा निघाला. रंगकामवाला तर रडत रडत लाथा घालत होता, माझ्या पोराच्या तोंडचा घास काढतोस का म्हणून. डाव्या डोळ्यावर हातोडा कुणाचा बसला ते मला खरंच ठाऊक नाही. तुझा नवरा बाकी कुणाला काही म्हणाला नाही. खाली पडल्यावर फक्त माझ्याकडे बघून दादा म्हणाला. तुझं ऐकून तोही मला दादा म्हणायला लागला होता.

एकच माणूस मधे पडला. गादीवाला. आपलं दुकान सांभाळून शेडमध्ये मावशीच्या सीट शिवणारा, साठीला टेकलेला, फुंकर मारली तर उडेल असा. तो तुझ्या नवऱ्यावर पालथा झोपला. पोराला मारून टाकाल का रे, एवढंच ओरडत होता. त्याच्या बरगड्यांत लाथा बसल्या, दोन मोडल्या, तरी त्याने मिठी सोडली नाही. शेवटी दोघांनी त्याला पाय धरून ओढून काढलं.

आता पुढचं नीट वाच. तुझा नवरा उठायला बघत होता. शेजारी पाच नंबर उभी होती, तिचं दार उघडं होतं आणि ते धरून मीच उभा होतो. त्याने उजव्या हाताने दाराची चौकट पकडली. मी खाली पाहिलं आणि मला मुठीखाली मासोळी दिसली. पाच नंबरवर, तीन नंबरची मासोळी. दोन आठवड्यांपूर्वी पाचच्या दाराचा स्टिकर लावताना फाटला होता. सुटीची वेळ झाली होती, पाचचा जादा तुकडा नव्हता, तीनचा होता. तोच ठोकून दिला. उद्या बदलू म्हटलं आणि कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती गाडी जाहिरातवाले घेऊन गेले ते आठ दिवसांनी परत आणली. फोटोत मासोळीजवळ दिसलेली सुरकुतीही इथेच होती. म्हणजे फोटो तीन नंबरचा नव्हताच. तो पाचचा होता, आणि जाहिरातवाल्यांकडचा होता. ज्या कंपनीने आम्हाला कोंडलं होतं तिच्याच वरच्या मजल्यावरून तो मुद्दाम बाहेर सोडला होता, अफवांना वारा घालायला. कुलपाला त्याची खबर असेल किंवा नसेल.

हे सगळं मला एका क्षणात कळलं. थांबा, चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण तापलेली सोळा माणसं होती, आणि मी बोललो असतो तर ती माझ्याकडे वळली असती. मी दार लोटलं. हात निसटला, वारा आला, असलं काही नाही. खांदा लावून लोटलं. त्याची बोटं फटीत होती. आवाज आला. तो ओरडला तेव्हा मी दार उघडलं आणि पुन्हा लोटलं, कारण एकदा केल्यावर मला ते खरंच त्याचंच पाप वाटायला हवं होतं.

कुलूप चहा पिऊन आला आणि म्हणाला, अरेरे, अपघात झाला. सगळ्यांनी तशा सह्या केल्या. तुझ्या नवऱ्याने डाव्या हाताने केली. गादीवाल्याने मोडक्या बरगड्यांनी त्याला उचललं आणि स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, म्हणून त्याच्या सदऱ्यावर तुला तुझ्या नवऱ्याचं रक्त दिसलं. तिथून तुझा संशय सुरू झाला. आठव्या दिवशी तो भेटायला आला तेव्हा तुझा नवरा पलंग हलेल इतका थरथरायला लागला, आणि तुझी खात्री झाली. बाई गं, गादीवाल्याच्या मागे दारात मी उभा होतो. सफरचंदांची पिशवी घेऊन.

बाहेर व्हरांड्यात तू माझी कॉलर धरून विचारलंस, हाच ना तो? मी फरशीकडे बघत राहिलो. त्याला तू हो समजलीस आणि मी समजू दिलं. एकदा मी चुकीच्या गाडीवर बोट ठेवलं होतं, या वेळी तर बोट उचलायचेही कष्ट पडले नाहीत. तुला वाटतं तुझा नवरा कंपनीच्या कागदाला भिऊन गप्प आहे. तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा त्याने मला उशाशी बोलावलं होतं. मला वाटलं थुंकेल. तो म्हणाला, तिला कळू देऊ नका, माहेरचं म्हणून तिला तुम्ही एकटेच आहात. मी काय म्हणालो असेन? विश्रांती घे, म्हणालो.

गादीवाला आज पहाटे गेला. शेवटपर्यंत पोलिसांना सांगत होता की शिडीवरून पडलो. मारणारी कोण आणि का, हे त्याला माहीत होतं. पण डॉक्टरांनी शिडी मानली नाही, आणि शेजारच्या दुकानदाराने हेल्मेट घातलेलं कुणीतरी पळताना पाहिलंय. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून मी तसाच पोलीस ठाण्यात जातोय. शेडमधलं सगळं सांगणार आहे, सही गेली खड्ड्यात. आणि सांगणार आहे की गादीवाल्याला माझं कृत्य माहीत होतं, म्हणून त्याचं तोंड बंद करायला मीच सळई घेऊन गेलो. मंगळवारी मी एकटाच घरी होतो, खोटं ठरवायला कुणी नाही. तू गप्प बस, तुझ्या नवऱ्याला शर्टाचं बटणही लावता येत नाही. पण मी तुला ओळखतो. तुला वाटेल, दादाने मला वाचवायला सगळंच रचलं, दाराचंसुद्धा. पोरांना सांगशील की तुमचा मामा देवमाणूस. तसं होऊ नये म्हणून हे लिहिलं. मी तिथे जे सांगेन त्यात खोटं एकच असेल, ती सळई. बाकी अक्षर न् अक्षर खरं आहे. वाचून हे जाळ आणि गादीवाल्याच्या बायकोकडे जा. त्याने तुझ्या नवऱ्याला कसं वाचवलं ते ती तुला सांगेल, तुझा हात हातात घेऊन सांगेल. हात काढून घेऊ नकोस.

तुझाच, आता कोणत्या तोंडाने म्हणू तरी,
दादा