आईच्या गालावरची खरखर

३ एप्रिल
पुन्हा तेच. आईले रुमाल बांध म्हटलं तर म्हणते, भाजीच्या दुकानात तोंड झाकून बसली तर गिऱ्हाईक येईन काय. जन्मापासून पांढरीफटक आहे, केसंबी. ऊन तिले सगळ्यांपेक्षा जास्त लागते एवढं मलेबी समजते. निघताना गालावर हात फिरवला. डोळ्याले काही नाही, बोटाले खरखर. दिवाळीतबी तिथंच होती. तेव्हा मीच पॉलिश पेपरानं घासून काढली होती. लाकूड ऐकते, मग कातडी काहून नाही?
मेहकरहून रातच्या गाडीनं परत.

५ एप्रिल, लकडगंज
कारखान्यात टेबलाले पॉलिश. मिस्त्री म्हणाले, डोळे मिटून हात फिरव गा, खोट बोटाले सापडते. तेव्हा आईचं सांगितलं, पेपराचंबी. आधी हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, उद्या दवाखान्यात जा.

६ एप्रिल
चामडीची ओपीडी. पेशंट सोबत नाही म्हणून खिडकीवरचा माणूस चिठ्ठी देईना. माह्याच नावानं काढली. डॉ. बाईंले मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटोत काहीच नाही. म्हटलं, हाताले लागते. तेव्हा कुठं मान वर केली. म्हणाल्या, "बरोबर, हे आधी बोटालाच कळतं." वर्षानुवर्षं ऊन खाऊन होते म्हणे. गोठवून काढतात, नाहीतर मलम. मलमानं आधी लाल होते, सोलते, भ्यायचं नाही. पॉलिश पेपराचं ऐकून पेन खाली ठेवला.
"काही चट्टे तसेच राहतात, एखाद्याचा कॅन्सर होतो. त्यांचा कोणता, ते हात लावल्याशिवाय नाही सांगणार. त्यांना आणा."
गोठवतात कशानं, विचारायचं राहिलं. बर्फ नसेन.
खोलीवर येऊन स्वतःचे कान, मान सारं चाचपलं. एक जागा खरखरीत लागली. वॉर्निश निघालं.

८ एप्रिल
फोन केला. येत नाही म्हणे. कॅन्सरचं नाव घ्यायचं नव्हतं, घेतलं. तेव्हा म्हणे, "गाडीत सारे मलेच पाहतात बापा. सात घंटे."
मग तिनंच विचारलं, दुखते काय. माहीत नाही म्हटलं. मग म्हणे, गोठवल्यावर तेवढी जागा काळी होईन काय, एक तरी गाल तुह्या बापासारखा होईन. दोघंबी हसलो.

१० एप्रिल
ऑर्डर आहे, मले सुट्टी नाही. शेजारची सुमीताई तिच्यासोबत यायले तयार. आई हो म्हणत नाही, नाहीबी म्हणत नाही. फक्त काळा चष्मा कितीले येते ते विचारलं. ताईच्या फोनवर पैसे पाठवून राहिलो, दोघींचं तिकीट आणि चष्मा धरून: नऊशे पन्नास.