न वाचता केलेल्या सह्या

सर, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या केबिनमध्ये मी बसते. जुने शिपाई मात्र अजून तिला तुमचीच खोली म्हणतात. माझ्याकडे एम.टेक.ची आठ मुलं आहेत. तुमच्याकडे दोनच असायची, आणि तिसरा आला की तुम्ही सरळ सांगायचात, "बाबा, मला दोनच डोळे हायेत." आम्ही हसायचो.

एक शनिवार अजून आठवतो. बेअरिंगच्या कंपनांचा आलेख मी घेऊन येते, एकही ठिपका इकडचा तिकडे नाही. तुम्ही चष्मा पुसता आणि विचारता, "लई चांगले आकडे हायेत. मशीनचे हायेत का तुझे?" दोन वाकडी रीडिंग्ज गाळल्याचं मी कबूल करते. तुम्ही ओरडत नाही. "चल, मशीन चालव. मी इथंच बसतो," म्हणता आणि लॅबमधल्या डुगडुगत्या स्टुलावर दुपारपर्यंत बसता. मध्येच डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवता. प्रगती-डायरीवर सही केलीत ती सगळं स्वतः बघितल्यावरच. मला तेव्हा तुमचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

ती डायरी अजून आहे. दर पंधरा दिवसांनी विद्यार्थ्यानं झालेलं काम आणि आलेली अडचण लिहायची, गाइडनं खाली सही करायची. बहुतेक मुलं सत्र संपताना एकाच बैठकीत सगळी पानं भरतात, वेगवेगळी पेनं वापरून, आणि आम्हीही मुकाट सह्या ठोकतो. यंदा माझ्याकडे पडेगावची एक मुलगी आहे. वडील मेंढ्या राखतात, घरात इतकं शिकलेली ती पहिलीच. ती मात्र इमानानं दर पंधरवड्याला डायरी आणायची. मी कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलींत गळ्यापर्यंत बुडालेली. फोनवर बोलता बोलता सही करून डायरी परत द्यायचे.

गेल्या आठवड्यात प्रबंध तपासणाऱ्या समितीपुढं तिचं सादरीकरण झालं. रीडिंग्जचा मेळच बसेना. एका सदस्यानं मला विचारलं, "मॅडम, हे तुमच्या लक्षात आलं नाही का?" मी म्हणाले, "तिनं मला काही सांगितलंच नाही." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. समितीनं तिला सहा महिने पुढं ढकललं. वाळूजच्या एका कारखान्यातली तिची नोकरी पदवी वेळेत मिळण्यावर अडकली आहे, हे तेव्हाही मला माहीत होतं.

काल तिची डायरी उघडली. पाच पानांवर, अडचणीच्या रकान्यात, तेच वाक्य: रीडिंग स्थिर येत नाही, मॅडम, एकदा लॅबमध्ये याल का? पाचही ठिकाणी खाली माझी सही. लाज वाटली, सर. तशीच उठून तिला घेऊन लॅबमध्ये गेले. तिनं कंपनं मोजायचा सेन्सर रंग दिलेल्या पत्र्यावर चिकटवला होता. रंग खरवडून तो आम्ही नीट बसवला आणि अर्ध्या तासात रीडिंग्ज ताळ्यावर आली.

"अगं, समितीला डायरी दाखवायची ना," मी म्हणाले.

"तुमची सही व्हती ना मॅडम," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही वाचलंय. तरी तुम्ही येत नाय, म्हंजी ज्याचं त्यानंच करायचं असंल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तिचे ते सहा महिने कमी व्हायचे असतील, तर ही पानं जोडून मला समितीला लिहावं लागेल की मुलीनं पाच वेळा सांगितलं होतं, मीच वाचलं नाही, आणि त्या दिवशी मी तिच्यावर ढकललं. अर्ज उद्यापर्यंत द्यायचा आहे. तुम्हाला लिहिलेलं हे कुठंच जायचं नाही, म्हणून भराभर लिहून झालं. तो दुसरा कागद सकाळपासून शेजारीच पडलाय. त्यावर अजून फक्त 'प्रति' लिहिलं आहे.