तू टीबीचं सांगितलं होतंस

माय, काल लातूरची माझी मैत्रीण आली होती. माझ्यासोबत केंद्रीय पोलीस दलात भरती झालेली, व्यापाऱ्याच्या घरची, गळ्यात लिंग घालणारी. एकदा मुदखेडला आपल्या घरी आली तेव्हा तुझ्या हातचं पिठलं दोनदा मागून खाल्लं होतं तिनं. आम्ही वीस वर्षं सोबत वर्दीत काढली, आता दोघी पेन्शनवर आहोत. तिची मुलगी नववीत आहे. चहा पिताना ती सहज म्हणाली, "मूल राहत नाही म्हणून दाखवलं, तर मला तिसऱ्याच महिन्यात मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं, सगळ्या तपासण्या करायला. तुला नव्हतं का पाठवलं?" मी नाही म्हणाले. कॅम्पातला डॉक्टर एकच, आमची तक्रार एकच, लग्नालाही दोघींच्या पाच-पाच वर्षं झालेली. तिला त्यानं चिठ्ठी लिहून दिली. मला म्हणाला होता, "रजा काढा, नवऱ्याजवळ राहा. तुमच्या लोकांत पोरांची काय कमी असते?" मी तेव्हा हसले होते, माय. सॅल्यूट ठोकून बाहेर आले होते. त्यानं जात विचारली नव्हती, कागदावरचं आडनाव तेवढं वाचलं होतं. हे सांगितल्यावर मैत्रिणीनं कप खाली ठेवला. म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं गं." तिला तरी कसं माहीत असणार? मीच इतकी वर्षं धरून चालले होते की माझं नशीब तसं.

ती बसला गेली आणि मला तू आठवलीस. त्याच रजेतला तो दिवस. मी एकतीस वर्षांची. तू मला नांदेडला तुझ्या दवाखान्यात नेतेस, जिथं पंधरा वर्षं तू फरशी पुसलीस, बाळंतिणींचे कपडे धुतलेस. सकाळच्या गाडीत तू एकाएकी म्हणतेस, "मॅडम लई हुशार हायत. म्या सांगते त्यास्नी सगळं." तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आहेस. आत गेल्यावर मॅडम माझे कागद बघतात, वजन विचारतात, पाळीचं विचारतात. मी स्टुलावर बसले आहे आणि तू दाराशी उभी आहेस, कारण त्या खोलीत तू कधी बसलेलीच नाहीस. मॅडम लिहायला लागतात तेवढ्यात तू बोलतेस, "मॅडम, ही लहान व्हती तवा मला टीबी झालता. हिलाबी वरीसभर खोकला व्हता. हिच्या पिशवीची तपासनी करा की. मागं वॉर्डात आलती त्या हदगावच्या बाईला आसंच निघालं व्हतं."

मॅडमनी मान वर केली. रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, "मावशी, आता तुम्ही मला शिकवणार का? जा, वॉर्डातल्या चादरी बघा." मग माझ्याकडे वळून, "धडधाकट आहेस की. तुम्हा लोकांत हा त्रास फारसा नसतो. ताकदीच्या गोळ्या देते." तू तरी तिथंच उभी. पुन्हा तोंड उघडलंस, "पर मॅडम..." आणि मी, आठ-आठ तास बंदूक घेऊन पहारा करणारी बाई, तुला म्हणाले, "माय, तू गप बस ना!" सुट्टीच्या दिवशी आलेली असूनही तू खरंच वॉर्डात गेलीस आणि चादरी काढायला लागलीस.

संध्याकाळी घरी आलो. तू चूल पेटवलीस, तव्यावर भाकरी टाकलीस आणि माझा ताबा सुटला. "तुझ्यामुळं झालं हे. तू तिथं पोछा मारतीस म्हणून तिनं मला नीट तपासलं नाही. पोछावालीची पोरगी समजली ती मला." तू भाकरी उलटलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मंग काय समजावं तिनं? हायेसच की माझी पोरगी." त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तू धपाट्यांचा डबा माझ्या हातात दिलास. गाडी हलली तेव्हा काहीतरी सांगायला तू दोन पावलं पुढं आलीस आणि थांबलीस. आता वाटतं, तू परत टीबीचंच सांगणार होतीस. त्यानंतर मुलाबाळाचा विषय तू माझ्याजवळ कधी काढला नाहीस. चार वर्षांनी तू गेलीस.

तू गेल्यावर दोन वर्षांनी माझी बदली हैदराबादकडे झाली. तिथल्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर वयानं लहान होती, तिनं पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात कुणाला टीबी होता?" माझ्या तोंडून आधी 'नाही'च निघालं, मग मी 'आईला' म्हणाले. पिशवीचा टीबी निघाला. नळ्या चिकटलेल्या, आतलं अस्तर गेलेलं. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, रोग बरा झाला. मूल राहणं मात्र आता अवघड, असं तिनं मला हळूच सांगितलं. सहा वर्षं आधी कळलं असतं तर? मी विचारलं. ती म्हणाली, "सांगता येत नाही. पण लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं." तुझ्या जावयाला मी फोनवर सांगितलं. रेल्वेच्या पटरीवर काम करणारा माणूस, तो एवढंच म्हणाला, "तू जेवलीस का?"

कॅम्पातल्या डॉक्टरवर, तुझ्या मॅडमवर मी पुष्कळ चिडले आहे. चिडायला हवंच. त्यांनी आमच्यासारख्यांची तपासणी आडनावावरच संपवली. पण तुझं ऐकलं नाही त्यात मी पण होते, माय. पंधरा वर्षं बाळंतिणींच्या खोल्या पुसून तू जे शिकली होतीस ते त्या खोलीत बरोबर सांगत होतीस, आणि मला तुझ्या लुगड्याची, तुझ्या बोलीची लाज वाटत होती.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते की नोकरीपायी मूल राहून गेलं, आम्हालाही फारशी हौस नव्हती. हौस होती. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायला जमलं. आत्ता तू खरंच समोर येऊन बसलीस तर यातलं एक अक्षर मी बोलणार नाही. चहा टाकू का विचारीन, आणि दुसऱ्याच कशावर तरी बोलत राहीन.