समुद्र आवडाबाईला, जंगल तहरीमला

अल्लाहचं नाव घेऊन मी, फहमिदा गयास पटेल, वय बहात्तर, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, माझ्या पश्चात काय व्हावं ते इथं लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉ. अभय सांडू यांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारी माणसं होती, ती आता दमली आहेत.

१. घर आणि बँकेतली ठेव यांची वाटणी शरीयतप्रमाणे मुलगा जावेद आणि मुलगी तहरीम यांच्यात व्हावी. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. मर्जीनं देता येतो तो मिळकतीचा एक तृतीयांश. माझे कॅमेरे आणि छायाचित्रं त्यात आरामात बसतात, असं वकील म्हणाले. ऐकून थोडं वाईट वाटलं, पण असो.

२. माझे यजमान गयास यांचा शहागंजात फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, पासपोर्टचे फोटो ते काढत; आतल्या अंधाऱ्या खोलीत धुवायचं, वाळवायचं काम माझं. ते वारले तेव्हा धाकट्या दिरांनी चाळिसाव्याच्या आत स्टुडिओ विकला. "भाबी, बाईमाणसाला याचं काय?" म्हणाले. एक कॅमेरा मी तांदळाच्या डब्यात लपवला होता, तेवढा वाचला. दिरांना मी माफ केलं आहे. तरी त्यांच्या मुलांनी तो मागितल्यास देऊ नये. तो आणि नंतर घेतलेला डिजिटल, दोन्ही माझी सून आफरीन हिला द्यावेत. ती गच्चीवरून दौलताबादच्या किल्ल्याकडं बघत राहते आणि खाली दूध उतू जातं. अशा बाईच्या हातात कॅमेरा असावा.

३. तहरीमला श्रीवर्धनला दिली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला गेले तेव्हा आषाढ होता. होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली झाकलेल्या, दर्या मातकट, किनाऱ्यावर मी एकटी. समुद्राला ऋतू नसतात, असं मला वाटायचं. पौषात पुन्हा गेले तर तोच किनारा ओळखू येईना: पाणी निवळशंख, वाळूवर मासळी वाळत घातलेली. तेव्हापासून दर ऋतूत कॅमेरा घेऊन एक फेरी ठरलेली.

पण समुद्र लांब. मधल्या महिन्यांत हात स्वस्थ बसेनात, म्हणून एसटीनं कन्नडमार्गे गौताळ्याला जाऊ लागले. तिथं जंगलाच्या कडेला आवडाबाई भेटली. पत्रावळींसाठी पळसाची पानं तोडत होती. पानं झडलेल्या एका सालईच्या झाडासमोर मला बराच वेळ उभी बघून म्हणाली, "बाई, काय हरवलं का?"

म्हटलं, "ऊन यायची वाट बघतेय."

"मग बसा की. उभं राहून ऊन लवकर येतं व्हय?"

बसले. ती मैत्री अजून बसलेलीच आहे.

४. हे जावेदसाठी. एका भादव्यात ओढ्यातल्या शेवाळावरून घसरून माझा घोटा मोडला. आवडाबाईनं मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. जावेद दवाखान्यात आला. घरी जाऊन त्यानं कॅमेरा कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात. "अम्मी, अब बस," म्हणाला. मी भांडले नाही, कारण तो घाबरलेला होता. पाय बरा झाला तरी किल्ली काही आली नाही. मी खिडकीशी बसून असायची. जेवण जात नव्हतं.

फाल्गुनात आवडाबाई पत्ता विचारत पडेगावला आली, ओच्यात पळसाची फुलं घेऊन. जावेदला म्हणाली, "लेकरा, तुझी माय मी पाठीवर आणली ती जगावी म्हणून. कपाटात ठेवायला नाय."

जावेदनं खिशातून किल्ली काढली, आणि गाडीचीही काढली. आम्हा दोघींना त्यानंच गौताळ्याला नेलं. माझ्या कॅमेऱ्यावर छत्री धरून दुपारभर उन्हात उभा राहिला. परतताना म्हणाला, "अम्मी, तुम्ही तिथं हसता. घरी असं हसत नाही."

तेव्हा सांगायचं राहून गेलं. इथं लिहिते: बेटा, त्या दिवशी मी तुझ्याकडं बघून हसत होते.

५. छायाचित्रं. तुला कोणती हवीत, असं आवडाबाईला विचारलं. वाटलं, आपलं जंगल मागेल. म्हणाली, "जंगल दारात हाय माझ्या. मला समुंदर दे. टँकरवाल्याला दाखवीन, पाणी म्हंजी असं असतंय."

म्हणून समुद्राची सगळी चित्रं आवडाबाईला, आणि जंगलाची तहरीमला. माहेरची झाडं तिच्या दारी नाहीत. तहरीम वारस असल्यानं तिला वाट्याबाहेर काही द्यायला माझ्या पश्चात जावेदची संमती लागेल. ती देईन, असं त्यानं कबूल केलं आहे, आणि दिलेला शब्द तो मोडत नाही. प्रत्येक चित्राखाली माझं नाव लिहावं. स्टुडिओचं नको.

६. शक्य झाल्यास गयास यांच्या शेजारी दफन करावं. जेवणावळी घालू नयेत.

पुरवणी. वरचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा आवडाबाई शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "अन् मी आधी गेले तर?"

वकील म्हणाले, "मग हे देणं रद्द होतं. चित्रं इथंच राहतील."

मी आवडाबाईकडं पाहिलं. ती माझ्याहून मोठी आहे. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. म्हणून कलम ५ मधला समुद्राचा भाग मी खोडत आहे आणि शेजारी सही करत आहे. उद्या सकाळी जावेद समुद्राच्या चित्रांच्या पेट्या गाडीत भरेल. खिळे-हातोडी घेऊन मीही जाईन. कोणता समुद्र कोणत्या भिंतीवर, ते आम्ही दोघी भांडून ठरवू. जिवंतपणी हातानं दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही.

लिहून ठेवणार: फहमिदा गयास पटेल (सही)

समक्ष साक्षीदार:
१. डॉ. अभय सांडू, पडेगाव (सही)
२. प्रणय धोंडिबा गाडेकर, शेजारी (सही)

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
तारीख: १४ डिसेंबर २०२५